घर्षण म्हणजे नुसता खडबडीतपणा नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञानाच्या पानावर नुकताच घर्षणावर एक लेख आला. मुलांना समजेल अशा सोप्या भाषेत तो लिहिला आहे, त्याबद्दल लेखकाचे आभार. मात्र त्यात एक विधान आहे, जे आपण सगळेच शाळेपासून ऐकत आलो: पृष्ठभागावरचे उंचवटे एकमेकांत अडकतात म्हणून घर्षण होते, आणि पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितके घर्षण कमी. हे विधान अर्धेच खरे आहे. माझे आयुष्य नागपूर जिल्ह्यातल्या एका स्फोटकांच्या कारखान्याच्या चाचणी प्रयोगशाळेत गेले. उरलेले अर्धे माहीत नसण्याची किंमत तिथे हातापायांनी मोजावी लागते. म्हणून हे पत्र.

टूलरूममध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा. मापे तपासायच्या स्लिप गेजच्या दोन पोलादी लाद्या आरशासारख्या घासलेल्या असतात. त्या स्वच्छ पुसून एकमेकींवर दाबून सरकवल्या की अशा चिकटतात, की सरळ ओढून निघत नाहीत. गुळगुळीतपणा वाढला आणि पकडही वाढली. उंचवटे अडकण्याच्या सिद्धांतात याला जागाच नाही.

हा जुना समज ज्यांनी प्रयोगांनी मोडून काढला त्यांत फ्रँक फिलिप बोडेन यांचे नाव फार वरचे आहे. ते यंत्रशास्त्रातले नव्हते. ते भौतिक रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्यांची सुरुवात विद्युत्‌रसायनाने झाली. आपल्याकडे हे नाव अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणी घेत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

त्यांचा जन्म 2 मे 1903 चा, टास्मानियातल्या होबार्टचा. शाळा संपल्यावर ते डरवेंट नदीकाठी रिझडन येथे इलेक्ट्रोलिटिक झिंक कंपनीच्या प्रयोगशाळेत कनिष्ठ मदतनीस म्हणून लागले. अशा कारखान्यात झिंक सल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांवर जस्त साचते. पुस्तकी हिशेबाने तिथे जस्ताच्या आधी हायड्रोजन सुटायला हवा. तो फारसा सुटत नाही, कारण जस्ताच्या पृष्ठभागावरून हायड्रोजन बाहेर पडायला हिशेबापेक्षा बराच जास्त विद्युतदाब लागतो. या वरच्या दाबाला ओव्हरपोटेन्शियल म्हणतात. द्रावणात अँटिमनी किंवा कोबाल्टचा अंश जरी आला तरी हा दाब खाली येतो, हायड्रोजनचे बुडबुडे सुटू लागतात आणि साचलेले जस्त पुन्हा विरघळायला लागते. म्हणजे टनावारी धातूचे उत्पादन पृष्ठभागावरच्या चिमूटभर अशुद्धीवर अवलंबून. विशीच्या आतबाहेरच्या मुलाने हे रोज डोळ्यांनी पाहिले. पुढे त्यांनी जन्मभर पृष्ठभागांचाच अभ्यास का केला, याचे कारण मला तरी इथेच दिसते.

टास्मानिया विद्यापीठातून ते केंब्रिजला रसायनशास्त्रज्ञ एरिक रिडील यांच्याकडे गेले. 1928 साली दोघांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात इलेक्ट्रोडवरच्या हायड्रोजनच्या पातळ थरांवर काम प्रसिद्ध केले. त्यात एक साधा वाटणारा, पण फार खोल प्रश्न होता: एक चौरस सेंटिमीटरच्या धातूच्या पत्र्याचे खरे क्षेत्रफळ किती? पट्टीने मोजलेले क्षेत्रफळ रेणूंना माहीत नसते. त्यांना प्रत्येक खळगा, प्रत्येक कंगोरा हा पृष्ठभागच. बोडेन आणि रिडील यांनी इलेक्ट्रोडचा विभव, म्हणजे विद्युतदाब, ठरावीक अंतराने बदलायला किती वीजभार लागतो हे मोजले. पाऱ्याचा पृष्ठभाग खरोखर सपाट, म्हणून तो प्रमाण धरला. बाकीच्या धातूंचे खरे क्षेत्रफळ त्या तुलनेतून काढले. दिसते ते क्षेत्रफळ आणि असते ते क्षेत्रफळ यांत केवढा फरक आहे, ते आकड्यांत हाती आले.

1930 च्या दशकात हाच प्रश्न त्यांनी उलटा करून घर्षणाला लावला. दोन ठोकळे एकमेकांवर ठेवले तर ते खरोखर किती जागी टेकतात? 1936 मध्ये लंडनहून डेव्हिड टेबर हा तरुण त्यांच्याकडे आला, आणि 1939 मध्ये दोघांनी या प्रश्नाचे उत्तर वीज वापरूनच दिले. धातूंच्या जोडातून वीज किती सहज जाते त्यावरून स्पर्शाचे क्षेत्र काढले. सपाट पोलादी पत्र्यांत खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्राच्या दहा हजारांत एक भाग, कधी त्याहूनही कमी, असे निघाले. श्रेय या दोघांचेच नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ रॅग्नार होल्म विजेच्या स्विचमधल्या जोडांचा अभ्यास करत याच दिशेने आले होते. पण त्यावरून घर्षणाचे चित्र उभे केले ते प्रामुख्याने बोडेन आणि टेबर यांनी.

हा हिशेब आपले वाचक घरीही करू शकतील. मऊ पोलादाचा कठिणपणा साधारण दर चौरस मिलिमीटरला 100 किलो धरा. वर एक किलोचे वजन ठेवले तर टोके चेपत जातील आणि एकूण 0.01 चौरस मिलिमीटर स्पर्श झाला की वजन तोलले जाईल. ठोकळा एक चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे 100 चौरस मिलिमीटरचा. भागाकार केला की दहा हजारांत एक. ठोकळा आडवा ठेवा की उभा, ओझे तेच असेल तर खरा स्पर्शही तेवढाच राहतो. फ्रान्सच्या आमोंतों यांनी 1699 मध्ये सांगितले होते की घर्षण दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. अडीचशे वर्षे हा नियम पाठ केला जात होता, त्याचे कारण इथे कळले.

1950 मध्ये बीबीसीच्या आकाशवाणीवर बोलताना बोडेन म्हणाले होते, की दोन घन पदार्थ एकत्र ठेवणे म्हणजे स्वित्झर्लंड उलटे करून ऑस्ट्रियावर ठेवण्यासारखे आहे. खरा स्पर्श थोड्याच जागी होणार. डोंगर चढण्याची आणि बर्फावर स्कीइंग करण्याची त्यांना आवड होती, त्यामुळे ही उपमा त्यांना सुचली यात नवल नाही.

त्या थोड्या जागी काय होते, हा पुढचा भाग आपल्या लेखात राहून गेला. तिथे दाब इतका प्रचंड असतो की धातू चेपतो आणि दोन्ही बाजूंची टोके एकमेकांना जुळून बसतात, अगदी सांधल्यासारखी. सरकवताना हे सांधे तोडावे लागतात. घर्षणाचा मोठा भाग म्हणजे ही तोडण्याची ताकद. हवेत धातूवर ऑक्साइडचा आणि चिकटलेल्या वायूंचा थर असतो, म्हणून सांधे कच्चे राहतात. बोडेन आणि ह्यूज यांनी निर्वातात धातू तापवून तो थर घालवला, तेव्हा घर्षण अनेक पटींनी वाढले. किंचित ऑक्सिजन आत सोडला की पुन्हा उतरले. उंचवटे तेच होते. बदलला होता तो फक्त काही रेणूंचा थर. कठीण पोलादावर शिसे किंवा इंडियम यांसारख्या मऊ धातूचा अगदी पातळ थर दिला तर घर्षण कमी होते, त्याचेही कारण हेच: ओझे खालचे पोलाद पेलते म्हणून स्पर्श थोडा, आणि तोडायचा असतो तो मऊ धातू. चांगल्या बेअरिंगमागे हेच गणित आहे. पुढे 1950 मध्ये त्यांनी यंग या सहकाऱ्यासोबत द्रावणात बुडवलेल्या धातूचा विद्युत विभव बदलून घर्षणावर आणि झिजेवर काय परिणाम होतो तेही तपासले. रिझडनचा धागा सुटला नव्हता.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितो आहे तिच्याकडे येतो. ती म्हणजे उष्णता.

घासले की तापते, हे सगळ्यांना ठाऊक. पण सगळी उष्णता जर दहा हजारांत एक भाग जागेत निर्माण होत असेल, तर त्या जागेचे तापमान किती असेल? 1936 मध्ये बोडेन आणि रिडलर यांनी ते मोजले, तेही एका देखण्या युक्तीने. दोन वेगळे धातू जिथे टेकतात तो जोडच थर्मोकपल (जोडातल्या विजेवरून तापमान सांगणारे साधन) म्हणून वापरला, म्हणजे घासणारी जागा स्वतःच आपले तापमान सांगू लागली. वेग वाढवत नेला तसे तापमान चढत गेले आणि जो धातू आधी वितळतो त्याच्या वितळणबिंदूपाशी थांबले. पोलादावर गॅलियम घासले तर सुमारे 30 अंश सेल्सिअसपर्यंत, शिसे घासले तर 327 अंशांपर्यंत. ठोकळा हाताला कोमट लागत असेल, तेव्हा त्याची टोके वितळलेली असू शकतात. बर्फावर स्की का घसरते याचेही उत्तर बोडेन आणि ह्यूज यांनी 1939 मध्ये याच मार्गाने दिले. तोवर समजूत होती की माणसाच्या वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो. त्यांनी दाखवले की मुख्य काम घर्षणाच्या उष्णतेचे आहे. उष्णता वाहून नेणारी पितळी स्की एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, स्कीपेक्षा जड सरकली.

त्याच वर्षी युद्ध सुरू झाले तेव्हा बोडेन ऑस्ट्रेलियात होते. मेलबर्नमध्ये त्यांनी सरकारी विज्ञानसंस्थेसाठी वंगण आणि बेअरिंग यांचा विभाग उभा केला. विमानांच्या इंजिनांची बेअरिंगे हे त्यांचे तातडीचे काम होते. पण स्फोटके हाताळताना अपघात का होतात, हा प्रश्नही तिथेच समोर आला, आणि केंब्रिजला परतल्यावर त्यांनी तो सोडला नाही. अ‍ॅबे योफे यांच्यासोबतचे त्यांचे स्फोटांवरचे पुस्तक 1952 चे. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात त्याची कडा झिजलेली प्रत होती. मी ती इतक्या वेळा काढली की ग्रंथपालांनी नोंदवहीत सही घेणे बंद केले.

त्या कामाचा गाभा असा. स्फोटक पदार्थ सगळा तापावा लागत नाही. एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापासून शंभराव्या भागापर्यंत आकाराचा एक बिंदू, सेकंदाच्या लाखाव्या भागापासून हजाराव्या भागापर्यंत, चारपाचशे अंशांच्या वर गेला तरी पुरते. हाच उष्णबिंदू. तिथून ज्वलन पसरते आणि मग ते कोणाच्या हातात राहत नाही. यासाठी डोळ्याला दिसणारी ठिणगी लागत नाही. नायट्रोग्लिसरिनमध्ये हवेचा बारीकसा बुडबुडा अडकला असेल तर हलक्या ठोक्यानेही तो दाबला जाऊन तापतो आणि स्फोट होतो. बुडबुडा नसेल तर कितीतरी पट जोरदार आघात लागतो.

आणि वाळू. बोडेन आणि गर्टन यांनी पीईटीएन या स्फोटकात वेगवेगळ्या पदार्थांचे बारीक खडे मिसळून घासून पाहिले. कठिणपणात फार फरक नसलेले, पण वितळणबिंदू वेगळे असलेले पदार्थ त्यांनी निवडले. सिल्व्हर नायट्रेट 212 अंशांना वितळते, पोटॅशियम नायट्रेट 334 ला. यांनी काही झाले नाही. बोरॅक्स 560 ला, शिशाचे खनिज गॅलेना 1100 च्या वर. यांनी स्फोट झाला. सीमारेषा साधारण 430 अंशांच्या आसपास निघाली. लेड अ‍ॅझाइडसारख्या डिटोनेटरमधल्या स्फोटकांसाठी ती 500 च्या जवळ आली. कारण वर आलेच आहे: घासणारी टोके आपल्या वितळणबिंदूपलीकडे तापत नाहीत. खडा लवकर वितळला तर तो स्फोटकाला पेटवण्याइतका तापूच शकत नाही. आता काच आणि वाळू आठवा. दोन्ही या सीमेच्या खूप वर. आपल्या पायाला रोज लागणारी वाळू ही स्फोटकात पडू नये अशा गोष्टींच्या यादीत अगदी वरच्या ओळीत बसते.

माझ्या नोकरीच्या काळात, आमच्या नव्हे तर ओळखीच्या दुसऱ्या एका कारखान्यात, वाळवणीच्या खोलीत पेट घेतला. एका कंत्राटी कामगाराच्या उजव्या हाताची बोटे गेली. चौकशीच्या कागदावर 'ठिणगी उडाल्याने' असे आले. मदतीला म्हणून आम्हाला बोलावले होते. त्या खोलीत लोखंडाचे एकही अवजार नव्हते; खोरी पितळेची, बादल्या रबराच्या. पण शेजारच्या खोलीच्या झाडलोटीच्या डब्यातला कचरा मी भिंगाखाली पाहिला, तर त्यात वाळूचे कण स्वच्छ दिसत होते. बाहेर बांधकाम चालू होते आणि बूट बदलायची पट्टी ओलांडून माणसे तशीच आत येत होती. कारण तेच होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जळालेल्या जागी पुरावा उरत नाही. पण त्या कागदात वाळूचा शब्दही नव्हता याचा मला आजही राग येतो. पितळी खोऱ्याने ठिणगी पडत नाही, हे खरे. खोऱ्याखाली वाळूचा कण आला तर खोरे पितळेचे आहे म्हणून तो कण तापायचा थांबत नाही.

आमच्याकडे घर्षणाची चाचणी ज्या यंत्रावर व्हायची त्यात खरखरीत पोर्सिलीनची पट्टी आणि पोर्सिलीनचीच दांडी असते. मध्ये चिमूटभर नमुना ठेवून दांडीवर ओझे वाढवत जायचे. पीईटीएन सुमारे 60 न्यूटनला, म्हणजे साधारण सहा किलोच्या ओझ्याला, आवाज देतो, आरडीएक्स 120 ला, टीएनटी साडेतीनशेपर्यंतही गप्प असते. लेड अ‍ॅझाइडला एक न्यूटनसुद्धा पुष्कळ होतो. नवीन कामगारांची तुकडी आली की मी त्यांना काचेआड उभे करून हे दाखवायचो. भिंतीवरच्या पाट्या वर्षानुवर्षे लटकतात आणि कोणी वाचत नाही. पण तो 'टक्' आवाज ऐकल्यावर पायातले बूट बदलायला पोरांना सांगावे लागत नसे.

डिसेंबर 2023 मध्ये बाजारगावला नऊ जण गेले, जानेवारी 2025 मध्ये भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आठ. त्या दोन्ही घटनांची कारणे ठरवणे चौकशीचे काम आहे आणि माझ्या वरच्या लिखाणाचा त्यांच्याशी संबंध कोणी जोडू नये. पण स्फोटकांच्या परवान्यांचे आणि सुरक्षेचे काम पाहणाऱ्या 'पेसो'चे मुख्यालय नागपुरात आहे, पुण्यात उच्च ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा आहे आणि विदर्भातल्या गावागावातून पोरे या कारखान्यांत कामाला जातात. हा विषय आपल्या वाचकांच्या घरातला आहे. त्यांच्या वर्तमानपत्रात घर्षणावर लिहिताना ते उंचवटे अडकण्यापाशी थांबू नये.

तेव्हा पहिली विनंती ही, की त्या लेखाला पूरक मजकूर त्याच पानावर यावा आणि त्यात खऱ्या स्पर्शाची आणि उष्णबिंदूंची गोष्ट असावी. दुसरी विनंती आपल्या वार्ताहरांना. स्फोट झाला की 'ठिणगी' आणि 'निष्काळजीपणा' हे दोन शब्द बातमीत येतातच. त्यांच्या जोडीने काही प्रश्न विचारावेत. कच्चा माल चाळून घेतला जात होता का, आणि चाळणी शेवटची कधी तपासली? फरशी ओली करून पुसली जात होती का? आत जाताना बूट बदलायची सोय कंत्राटी माणसांनाही होती का? त्या तुकडीच्या मालाची घर्षण-चाचणी झाली होती का, आणि निकाल कोणी वाचला? उत्तर न देणारा अधिकारीही या प्रश्नांनी सावध होतो, हे मी आतून पाहिले आहे.

बोडेन 1948 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. 1957 मध्ये त्यांची प्रयोगशाळा कॅव्हेंडिशमध्ये, म्हणजे केंब्रिजच्या भौतिकशास्त्र विभागात, गेली, आणि 3 सप्टेंबर 1968 रोजी केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले. टेबर यांनी ते काम पुढे अनेक वर्षे चालवले. इतके मोठे काम मराठीत कामगारांपर्यंत पोचवणारी चार पानेही मला नोकरीत असताना कुठे मिळाली नव्हती. म्हणून मी स्वतःच खडे, त्यांचे वितळणबिंदू आणि काय काळजी घ्यायची यांचा मराठी आणि हिंदी तक्ता करून ठेवला आहे. मिक्सिंग, चाळणी आणि वाळवणीच्या खोल्यांसाठी तो वेगवेगळा आहे. कोणत्याही कारखान्याला, आयटीआयला किंवा कामगार संघटनेला तो हवा असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी विनामूल्य देईन, आणि बोलावले तर समजावून सांगायलाही येईन.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्रज्ञ, नागपूर